फिरत्या चक्राचा हिशेब

मंडळी, गेल्या पंचवीस वर्षांत एक शब्द आपल्या घराघरात शिरला आणि त्याला मराठी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तो शब्द म्हणजे ‘बफरिंग’! मायदेशापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो जरा जास्तच परिचयाचा. पुण्यात भाचीच्या लग्नात अंतरपाट दूर व्हायची वेळ, सामन्यातलं शेवटचं षटक, सिद्धिविनायकाची आरती... आणि नेमकं तेव्हाच पडद्याच्या मध्यभागी ते गोल चक्र फिरायला लागतं.

हे चक्र किती वेळ फिरलं, किती जणांच्या पडद्यावर फिरलं आणि त्यातल्या किती जणांनी कंटाळून बंद केलं, याचा काटेकोर हिशेब कुठेतरी ठेवला जात असतो. माहिती तंत्रज्ञानातला सल्लागार म्हणून असे हिशेब माझ्या नजरेखालून नेहमी जातात. ‘व्हिडिओ चांगला दिसतोय’ म्हणजे नेमका किती चांगला? आणि ते ठरवायचं कुणी? यंत्राने, इंजिनिअरने की पाहणाऱ्याने? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तराचा शोध शंभराहून अधिक वर्षं चालू आहे. त्या शोधाची ही गोष्ट. त्यात आपल्या गावाकडच्या आई-वडिलांचाही संबंध कसा येतो, ते पुढे दिसेलच.

सुरुवात टेलिफोनच्या तारेपासून

ही गोष्ट व्हिडिओच्या कितीतरी आधी डेन्मार्कमध्ये सुरू होते. आग्नर क्रारुप एर्लांग हा गणितज्ञ १९०८ साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. कंपनीपुढचा पेच असा होता, की बोलणारे पुष्कळ आणि तारा मोजक्या. किती तारा टाकल्या म्हणजे किती लोकांना ‘लाइन मोकळी नाही’ असं ऐकावं लागेल? ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून टेलिफोनशेजारी तासन्‌तास वाट पाहिली आहे, त्यांना या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एर्लांगने १९०९ साली यावर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली आपलं प्रसिद्ध सूत्र मांडलं. टेलिफोनच्या रहदारीचं एकक आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

पण लाइन मिळाली म्हणजे काम झालं का? पलीकडचं बोलणं कळलं तर पाहिजे! अमेरिकेत बेल टेलिफोनच्या संशोधन विभागात हार्वे फ्लेचर आणि त्याचे सहकारी १९२०च्या दशकात यावर काम करत होते. त्यांची पद्धत मजेशीर होती. तारेच्या एका टोकाला बसलेला माणूस अर्थहीन अक्षरसमूह वाचून दाखवायचा आणि दुसऱ्या टोकाचे लोक जे ऐकू आलं ते कागदावर लिहायचे. जितकं लेखन बरोबर, तितकी लाइन चांगली. अक्षरं मुद्दाम अर्थहीन घेतलेली असत. कारण वाक्याला अर्थ असला, की आपला मेंदू गाळलेल्या जागा स्वतःच भरून टाकतो!

एर्लांग तार मोजत होता आणि फ्लेचर कान मोजत होता. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांमधल्या ओढाताणीचा आहे.

पंधरा माणसं आणि पाच शेरे

टीव्ही आला तेव्हा कानाच्या जागी डोळा आला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ शाखेने १९७४ साली टीव्हीच्या चित्राचा दर्जा कसा तपासावा याची शिफारस प्रथम काढली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजवर वापरात आहेत. पद्धत अशी: या विषयात तज्ज्ञ नसलेली निदान पंधरा माणसं बोलवायची. त्यांची नजर आणि रंगओळख आधी तपासायची. खोलीतला उजेड ठरावीक, पडद्यामागची भिंत फिकी, पडद्यापासूनचं अंतर मोजून घेतलेलं. मग छोटी छोटी दृश्यं दाखवून प्रत्येकाकडून शेरा घ्यायचा: उत्कृष्ट, चांगलं, ठीक, सुमार, वाईट. पाच ते एक असे गुण धरायचे आणि त्यांची सरासरी काढायची. आपल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकाचाच हा प्रकार म्हणा ना!

ही पद्धत प्रामाणिक होती, पण खर्चिक आणि संथ. प्रत्येक नव्या यंत्रासाठी पंधरा जणांना पुन्हा पुन्हा कुठून आणायचं? आणि मुख्य म्हणजे, ही सगळी परीक्षा प्रयोगशाळेत व्हायची. घरातला पडदा, अंगणातल्या पारावरचा मोबाइल, खिडकीतून येणारं ऊन, शेजारी रडणारं मूल यातलं काहीच तिथे नव्हतं.

‘जमेल तसं’ चालणारं इंटरनेट

२४ जून १९९३ रोजी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ नावाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. वादक सगळे संगणकातलेच लोक. तो कार्यक्रम ‘एमबोन’ नावाच्या प्रायोगिक जाळ्यावरून थेट दाखवला गेला आणि ऑस्ट्रेलियातही पाहिला गेला. चित्र केवढं? १५२ बाय ७६ ठिपके, म्हणजे जेमतेम टपाल तिकिटाएवढं, आणि सेकंदाला आठ ते बारा वेळा बदलणारं. तरीही पाहणारे खूष होते, कारण पाहायला मिळतंय हेच अप्रूप!

इंटरनेटचा स्वभाव टेलिफोनहून वेगळा. टेलिफोनला तुमच्यासाठी राखून ठेवलेली तार होती. इंटरनेटवर माहितीचे छोटे पुडके करून सोडले जातात आणि ते पोचतील याची हमी कुणी देत नाही. प्रयत्न मात्र करतात, जमेल तसा. १९९६ साली हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनी-चित्र पाठवण्याची ‘आर.टी.पी.’ ही नियमावली प्रसिद्ध केली. त्यात पाहणाऱ्याच्या संगणकाने काही सेकंदांनी परत अहवाल पाठवायची सोय होती: किती पुडके हरवले आणि उरलेल्यांच्या येण्यात किती अनियमितपणा होता.

हा अनियमितपणा म्हणजे ‘जिटर’. मुंबईकरांना तो चटकन कळेल. तासाला दहा लोकल म्हणजे सरासरी दर सहा मिनिटांनी एक. पण तीन गाड्या पाठोपाठ आल्या आणि मग वीस मिनिटं एकही आली नाही, तर फलाटावरच्या माणसाला त्या सरासरीचा काय उपयोग? यावर उपाय म्हणून पाहणाऱ्याच्या संगणकात थोडा साठा करून ठेवतात, तोच ‘बफर’. पुण्यातल्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकीच ती! महापालिकेचं पाणी कमी-जास्त दाबाने येवो, टाकीत साठा असेतो घरातला नळ सुरळीत वाहतो. टाकी रिकामी झाली, की चक्र फिरायला लागतं.

हमी मिळावी असे प्रयत्नही झाले. १९९७ साली वाटेतली जागा आधीच राखून ठेवण्याची योजना आली, रेल्वेच्या आरक्षणासारखी. १९९८ साली पुडक्यांचे वर्ग पाडण्याची योजना आली, पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग असे. एकाच कंपनीच्या जाळ्याच्या आत अशा गोष्टी चालल्या, पण साऱ्या जगाच्या इंटरनेटवर आरक्षण काही रुजलं नाही. त्याऐवजी दुसरीच युक्ती चालली. एम.आय.टी.तल्या टॉम लेटन आणि डॅनिएल लेविन यांनी १९९८ साली ‘अकामाई’ कंपनी काढली. माल दूरच्या गोदामातून दर वेळी मागवण्यापेक्षा त्याच्या प्रती गावोगावच्या दुकानांत ठेवायच्या, हे तिचं सूत्र.

मी २००३ साली मास्टर्स करायला अमेरिकेत आलो, तेव्हा विद्यापीठातलं नेटवर्क पाहून डोळे दिपले होते. रविवारी आई-बाबा सांगलीतल्या सायबर कॅफेत येऊन वेबकॅमपुढे बसायचे. माझ्या बाजूचे सगळे आकडे उत्तम असायचे, वेग भरपूर, पुडके हरवणं शून्य. आणि पडद्यावर? बाबांचा चहाचा कप ओठांपाशी जाऊन दहा-दहा सेकंद तिथेच थांबलेला! ‘तार उत्तम’ आणि ‘दिसत काही नाही’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, हे पाठ्यपुस्तकाआधी मी त्या कपाकडे पाहून शिकलो.

गणिताची फजिती

पंधरा माणसांऐवजी एखादं सूत्रच चित्राचा दर्जा सांगू शकलं तर? इंजिनिअर लोकांचं हे जुनं स्वप्न. सोपं सूत्र होतंच. मूळ चित्र आणि पोचलेलं चित्र घ्यायचं, ठिपक्या-ठिपक्यातला फरक काढायचा आणि त्यावरून गुण द्यायचे. याला ‘पी.एस.एन.आर.’ म्हणतात. यातली खोट अशी, की चित्राचा उजेड सगळीकडे किंचित वाढवला तर डोळ्याला काही खटकत नाही, आणि तेवढ्याच फरकाचे चौकोनी ठोकळे चेहऱ्यावर उमटले तर ते असह्य होतात. सूत्राला मात्र दोन्ही चित्रं सारखीच!

म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी १९९७ साली ‘व्हिडिओ क्वालिटी एक्स्पर्ट्‌स ग्रुप’ स्थापन केला. नामवंत कंपन्यांनी आणि संशोधन संस्थांनी आपापली हुशार सूत्रं आणली. खऱ्या माणसांच्या शेऱ्यांशी ती ताडून पाहिली गेली. २००० साली निकाल लागला, तो असा: यातलं कुठलंही सूत्र त्या जुन्या, भोळ्या पी.एस.एन.आर.पेक्षा निर्विवाद सरस म्हणता येत नाही, आणि माणसांच्या परीक्षेची जागा कुणीच घेऊ शकत नाही! इतक्या थोरामोठ्यांनी असा निकाल झाकून न ठेवता छापला, याचं मला कौतुक वाटतं.

मग २००४ साली झाऊ वांग, ॲलन बोविक, हमीद शेख आणि ईरो सिमॉन्सेली या चौघांनी वेगळा विचार मांडला. डोळा ठिपके मोजत बसत नाही, तो आकार आणि रचना शोधतो. तेव्हा रचना किती टिकली ते मोजा. ‘एस.एस.आय.एम.’ या नावाने ही पद्धत जगभर पसरली आणि २०१५ साली तिला टीव्ही क्षेत्रातला एमी पुरस्कारही मिळाला. एका गणिती सूत्राला एमी! पुढे २०१६ साली नेटफ्लिक्सने काही विद्यापीठांच्या साथीने केलेली ‘व्हीमॅफ’ ही पद्धत सर्वांसाठी खुली केली. तीत अनेक मोजमापं एकत्र करून शंभरपैकी गुण देतात. पण ती शिकवली कशी? माणसांना व्हिडिओ दाखवून त्यांनी दिलेल्या शेऱ्यांवरूनच. म्हणजे फिरून पुन्हा पाहणाऱ्याकडेच यावं लागलं.

चित्र बिघडत नाही, थांबतं

दरम्यान व्हिडिओ पाठवण्याची रीतच बदलली. यू-ट्यूब २००५ साली आलं, नेटफ्लिक्सने २००७ साली घरोघरी इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली, आणि २००९ साली ॲपलने आपली ‘एच.एल.एस.’ पद्धत आणली. यात चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार ठेवतात. नेटफ्लिक्सची २०१५ पर्यंतची शिडी सेकंदाला २३५ किलोबिटच्या खालच्या पायरीपासून ५८०० किलोबिटच्या वरच्या पायरीपर्यंत होती. टाकी भरत असेल तर आपला फोन वरची पायरी मागतो, टाकी उतरायला लागली तर खालची. आपण नळ बारीक करतो, तसंच.

या पद्धतीत हरवलेला पुडका पुन्हा मागवला जातो. त्यामुळे चित्र पूर्वीसारखं फाटत नाही, एक तर धूसर होतं किंवा थांबतं. आजाराचं लक्षणच बदललं, म्हणून तपासणीही बदलली. आता मोजायचं ते असं: सुरू व्हायला किती वेळ लागला, पाहण्याच्या वेळेतला किती भाग चक्र पाहण्यात गेला, कोणती पायरी मिळाली आणि किती वेळा बदलली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानेही २००७ साली ‘अनुभवाचा दर्जा’ या कल्पनेची वेगळी व्याख्या केली, आणि तीत पाहणाऱ्याला काय जाणवलं याला मान दिला.

टाकीची एक किंमतही असते. ॲपलची मूळ शिफारस दहा सेकंदांच्या तुकड्यांची होती आणि खेळ सुरू करण्याआधी तीन तुकडे जमवायचे, म्हणजे अर्धं मिनिट उशीर इथेच झाला. तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतोय, आणि मुंबईहून मेहुण्याचा फोन येतो, ‘गेला रे गेला!’ त्यामागचं कारण हे.

आणखी एक मोठा बदल झाला. आता पंधरा जणांना बोलवायची गरज उरली नव्हती, कारण लाखो पडदे स्वतःच अहवाल पाठवत होते. २०१२ साली कृष्णन आणि रमेश सीतारामन यांनी अकामाईच्या जाळ्यावरच्या २ कोटी ३० लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं, की लोक दोन सेकंद निमूट थांबतात, आणि त्यापुढे दर सेकंदाला सुमारे ५.८ टक्के लोक निघून जातात. व्हिडिओच्या लांबीच्या एक टक्का वेळ जरी चक्रात गेला, तरी लोक सुमारे पाच टक्के कमी पाहतात. आणि ज्यांचं कनेक्शन वेगवान, तेच जास्त उतावळे! मोबाइलवाले बिचारे धीर धरतात.

सरासरीच्या बाहेरची माणसं

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. पूर्वी माणसाला विचारायचे, ‘कसं दिसलं?’ आता विचारत नाहीत, तो कधी उठून गेला एवढं पाहतात. पण जो दारातच पोचला नाही, त्याची नोंद कुठे?

यू-ट्यूबमधले एक इंजिनिअर क्रिस झकरायस यांनी २०१२ साली लिहिलेली हकिकत या बाबतीत फार बोलकी आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी व्हिडिओचं पान १.२ मेगाबाइटवरून ९८ किलोबाइटवर आणलं होतं. पान इतकं हलकं झाल्यावर ते झटकन उघडायला हवं. पण आकडे उलटेच निघाले, पान उघडायला लागणारा सरासरी वेळ वाढला! शोध घेतल्यावर कळलं, की आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, पार सैबेरियातूनही नवे लोक येऊ लागले होते. जुनं पान उघडून व्हिडिओ दिसायला त्यांना वीस मिनिटांहून अधिक वेळ लागे, म्हणून ते कधी आलेच नव्हते. आता दोन मिनिटांत काम होत होतं, म्हणून ते आले, आणि त्यांच्या दोन मिनिटांनी सरासरी ‘बिघडवली’. त्याआधीची सुंदर सरासरी ही केवळ ज्यांना आत येता येत होतं त्यांची होती.

याच नजरेने आपल्याकडचे आकडे पाहा. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले तरी त्याला ‘ब्रॉडबँड’ म्हणत. वर सांगितलेल्या शिडीची सगळ्यात खालची पायरीच काय ती त्यात मावली असती! पुढे २०१३ साली ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ साली २ मेगाबिट. अमेरिकेत हीच मर्यादा २०१५ साली २५ मेगाबिट आणि २०२४ साली १०० मेगाबिट ठरली. नाव एकच, माप वेगळं. कागदावर दोन्हीकडे ‘ब्रॉडबँड’च.

२०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि चित्र झपाट्याने पालटलं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. ही कामगिरी अचाट आहे, यात शंका नाही. पण अशा सामन्यात समजा ९९ टक्के लोकांना उत्तम दिसलं, तर अहवालावर हिरवी खूण होईल. उरलेला एक टक्का म्हणजे जवळजवळ सहा लाख माणसं! आणि ती माणसं कोण असतात? बहुधा तीच, ज्यांच्या गावात मोबाइलचा मनोरा लांब आहे, ज्यांचा फोन जुना आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे काका-मामा त्यांत असतील.

याच्या उलट एक उदाहरण मार्च २०२० चं. टाळेबंदीत सगळं जग घरी बसलं तेव्हा नेटफ्लिक्सने युरोपमधला आपला भार तीस दिवसांसाठी सुमारे २५ टक्क्यांनी उतरवला. भारतातही व्हिडिओ कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८० च्या वरचा दर्जा न देण्याचं ठरवलं. आकड्यांच्या भाषेत दर्जा उतरला. पण सगळ्यांना थोडं कमी देऊन सगळ्यांना काहीतरी मिळत राहावं, हाही दर्जाचाच विचार होता. तो कुठल्या सूत्रात बसत नाही, एवढंच.

आणि आपलं मंडळ

आता हे सगळं स्मरणिकेत कशासाठी? कारण अलीकडे आपणही प्रक्षेपणकर्ते झालो आहोत! गणेशोत्सवाचा कार्यक्रम, मुलांचं नाटुकलं, दिवाळीची मैफल हे सगळं हल्ली थेट दाखवलं जातं. सभागृहातल्या वेगवान वाय-फायवर आपले स्वयंसेवक स्वतःच्या फोनवर पाहतात आणि अंगठा वर करतात. पण त्या प्रक्षेपणाचा खरा प्रेक्षक कोण? पहाटे चार वाजता गजर लावून उठलेली वाईची किंवा कणकवलीची आजी. नात दोन मिनिटांसाठी रंगमंचावर येणार आहे आणि तेवढंच तिला पाहायचं आहे.

म्हणून तांत्रिक समितीला तीन सूचना. पहिली, शिडीची खालची पायरी कधीही काढू नका. अतिस्पष्ट चित्राच्या हौसेपायी धूसर चित्राचा पर्याय बंद होऊ देऊ नका. दुसरी, आवाज आधी सांभाळा. आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडा वेग लागतो, आणि चित्र अडखळलं तरी गाणं ऐकू येत असेल तर माणूस टिकून राहतो. तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची आणि बिनखर्चाची. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चाचणी घ्याल, तेव्हा आपल्या सभासदांच्या घरची, गावाकडे राहणारी, साधा फोन वापरणारी चार-पाच मंडळी निवडा. त्यांना लिंक पाठवा. पाच मिनिटांनी प्रत्येकाला फोन करा आणि विचारा, ‘दिसतंय का? ऐकू येतंय का?’

ते ‘हो’ म्हणेपर्यंत चाचणी संपली असं समजू नका.